अल्फा, बीटा, आरसी: आवृत्तीला नाव देण्याआधी कोणती नोंद खरी ते ठरवा

प्रश्न थोडक्यात असा. दारव्हा तालुक्यातले तीन तरुण एका शेतकरी उत्पादक कंपनीसाठी कापूस खरेदीचं अँड्रॉइड ॲप बनवताहेत. शेतकऱ्याची नोंदणी, भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचं वजन, ओलावा, भाव, पावती आणि शेवटी बँकेला द्यायची पैशांची यादी, एवढं काम त्यात होतं. सध्याची आवृत्ती ०.९.३ आहे. येत्या कापसाच्या हंगामात ती खरेदी केंद्रांवर चालवायची आहे. त्यांना तीन गोष्टी हव्या आहेत: अल्फा, बीटा, रिलीज कँडिडेट ही नावं नेमकी कधी लावायची, ०.९ नंतर १.० कधी म्हणायचं. आणि केंद्रावरच्या माणसांना ही नावं परकी वाटतील म्हणून पेरणी, निंदण, वेचणी अशी नावं ठेवली तर चालेल का.

मी बरीच वर्षं रिलीजचंच, म्हणजे सॉफ्टवेअरची आवृत्ती बाहेर काढायचं काम करते, आधी पुण्यात मोठ्या टीमबरोबर, आता यवतमाळहून लहान लहान टीमबरोबर. तुमचा प्रश्न मला मनापासून आवडला, कारण बहुतेक जण तो विचारतच नाहीत. कोड झाला की बीटा, चार दिवसांनी फायनल, आणि मग फायनल-२.

नावांकडे वळण्याआधी एक गोष्ट तिघांनी बसून ठरवा, आणि कंपनीच्या संचालकांना त्यात घ्या. केंद्रावर वही आहे आणि ॲपही आहे. एका गाडीचं निव्वळ वजन वहीत १८ क्विंटल ४० किलो आहे आणि ॲपमध्ये १८ क्विंटल ०४ किलो. पैसे कोणत्या आकड्यावर द्यायचे? या प्रश्नाचं उत्तर जसं बदलतं तसा टप्पा बदलतो. वही खरी आणि ॲप म्हणजे फक्त सराव, तर ती अल्फा. दोन्हीकडे लिहायचं, फरक सापडेपर्यंत त्या गाडीचे पैसे थांबवायचे, तर ती बीटा. ॲपचा आकडा खरा धरायचा आणि वही फक्त पडताळ्यापुरती ठेवायची, तर ती रिलीज कँडिडेट, म्हणजे आरसी. वही बंद केली त्या दिवशी १.०.

अल्फात तुम्ही काहीही बदलू शकता. पडदे हलवा, डेटाबेसची रचना मोडा, सगळ्या नोंदी पुसून टाका, आणि केंद्रावरच्या माणसाला हे आधी सांगून ठेवा. बीटात शिरलात की दोन दारं बंद होतात. नवीन सुविधा घालायची नाही, आणि आत आलेली नोंद पुसायची नाही. डेटाबेस बदलावाच लागला तर जुनी नोंद नव्या रचनेत नेणारं मायग्रेशन लिहायचं आणि ते केंद्रावरच्या खऱ्या नोंदींच्या प्रतीवर चालवून पाहायचं. हे दुसरं दार बहुतेक टीम उघडंच ठेवतात. बीटा म्हणतात आणि पंधरा दिवसांनी सांगतात, ॲप काढून पुन्हा टाका. ज्याने शंभर शेतकऱ्यांचे खाते क्रमांक हाताने भरलेत तो माणूस पुन्हा तुमच्या चाचणीला येणार नाही, आणि त्याचं बरोबरच आहे.

आरसीचा नियम सगळ्यांत कडक. आहे ही वस्तू जशीच्या तशी द्यायची तयारी आहे, असा त्याचा अर्थ. खरेदी थांबेल किंवा पैसे चुकतील असा दोष सापडला तरच हात लावायचा. एक ओळ बदलली तरी ती नवी आरसी, आणि तपासणी पहिल्यापासून. बटणाचा रंग आवडला नाही, एखादं शुद्धलेखन चुकलं, हे सगळं पुढच्या आवृत्तीत.

ही नावं आली कुठून ते पाहिलं की असा विचार का करायचा ते उलगडतं. आयबीएममध्ये पूर्वी यंत्रांच्या तपासण्यांना ए, बी, सी अशी अक्षरं होती. ए तपासणी झाल्याशिवाय यंत्राची जाहीर घोषणा करायची नाही, बी झाल्याशिवाय कारखान्यात उत्पादन सुरू करायचं नाही, सी झाल्याशिवाय ते सर्वांना विकायचं नाही. प्रत्येक अक्षराच्या पुढे एक निर्णय उभा होता, आणि तो एकदा घेतला की मागे फिरणं महाग पडायचं. पुढे अक्षरांची ग्रीक नावं जगभर पसरली आणि निर्णय मागे राहिले. जीमेल १ एप्रिल २००४ ला आलं आणि ७ जुलै २००९ पर्यंत त्याच्या नावाशेजारी बीटा लिहिलेलं होतं. त्या पाच वर्षांत लाखो लोकांचा रोजचा पत्रव्यवहार त्यावर चालला. माझ्या मते त्या लेबलाने तेव्हा कुणाला काहीच सांगितलं नाही.

वेगवेगळ्या घरांत एकाच नावाचा अर्थ वेगळा असतो हेही लक्षात घ्या, नाहीतर वाचलेलं आणि केलेलं जुळत नाही. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत वर्षाला एक मोठी आवृत्ती येते आणि तिचं वेळापत्रक आधीच लिहिलेलं असतं: साधारण सात अल्फा, चार बीटा, दोन आरसी. पहिल्या बीटाला नवीन सुविधांचं दार बंद. मला हे सगळ्यांत स्वच्छ उदाहरण वाटतं, आणि तुम्ही त्यावरूनच शिका. लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, अल्फा-बीटा नाहीतच. दोन आठवडे नवा कोड आत घेतला जातो, मग आरसी-१ निघते, पुढे साधारण दर रविवारी एकेक, आरसी-७ किंवा ८ पर्यंत. तिथली आरसी-१ तुमच्या हिशोबाने बीटा आहे, कारण ती जशीच्या तशी सोडायचा कुणाचा विचार नसतो. तुम्ही लिनक्सकडे बघून पहिल्याच आठवड्यात आरसी-१ काढलीत आणि ती वही बाजूला ठेवून केंद्रावर चालवलीत, तर गडबड होईल.

आता पेरणी, निंदण, वेचणी. यामागची भावना मला कळते आणि पटतेही. आपल्या माणसांना आपल्या शब्दांत सांगायलाच हवं. तरी ही नावं ठेवू नका. एक कारण केंद्रावरचं आहे. शेतीच्या ॲपवर पेरणी आवृत्ती असं दिसलं की वाचणारा म्हणेल, ही जूनमध्ये बियाणं-खताची नोंद करायला असेल, आपलं काम तर कापूस मोजायचं. दुसरं कारण यंत्राचं आहे आणि ते जास्त त्रास देईल. बरीच साधनं आवृत्त्यांचा क्रम सेमँटिक व्हर्जनिंगच्या, म्हणजे आवृत्तीला क्रमांक देण्याच्या एका सर्वमान्य पद्धतीच्या, नियमांनी लावतात. त्या नियमांत हायफननंतरच्या भागात, म्हणजे १.०.०-बीटा मधल्या बीटाच्या जागी, फक्त रोमन अक्षरं, अंक, हायफन आणि तुकडे पाडणारी टिंबं चालतात, आणि शब्द आले की ते आस्कीच्या, म्हणजे संगणकाने अक्षरांना दिलेल्या क्रमांकांच्या क्रमाने, म्हणजे जवळपास शब्दकोशासारखे लावले जातात. अल्फा, बीटा, आरसी हे तिन्ही शब्द रोमन लिपीत योगायोगानेच बरोबर क्रमात बसतात. तुमची तिन्ही नावं रोमनमध्ये लिहून पाहा: निंदणचं आद्याक्षर पेरणीच्या आधी येतं. म्हणजे यंत्राच्या लेखी निंदण जुनी आणि पेरणी नवी. निंदणाची आवृत्ती बाहेर पडल्यावरही अपडेट तपासणारा कोड म्हणत राहील की पेरणीच ताजी आहे.

याच नियमातले आणखी दोन खड्डे. बीटा आणि क्रमांक यांच्यामध्ये टिंब द्या. १.०.०-बीटा.२ आणि १.०.०-बीटा.११ असं लिहिलं की २ आणि ११ संख्या म्हणून तोलले जातात आणि अकरावी नवी ठरते. टिंब न देता बीटा२ आणि बीटा११ लिहिलं की तो अख्खा तुकडा शब्द होतो आणि अकरावी दुसरीच्या मागे जाते. नवव्या बीटापर्यंत काहीच बिघडत नाही, म्हणून हे उशिरा कळतं. दुसरा खड्डा मोठ्या अक्षरांचा. आस्कीत सगळी मोठी रोमन अक्षरं लहान अक्षरांच्या आधी येतात. त्यामुळे आरसी मोठ्या अक्षरांत आणि अल्फा लहान अक्षरांत लिहिली, तर आरसी अल्फापेक्षा जुनी ठरते. सगळं लहान अक्षरांत लिहा, कायम.

मग गावातल्या माणसासाठी काय? त्याला नाव नको, वाक्य द्या. अल्फाच्या प्रत्येक पडद्यावर वर लाल पट्टी: ‘सराव. ही पावती खरी नाही.’ बीटावर पिवळी पट्टी: ‘चाचणी सुरू आहे. वहीतही नोंद करा.’ छापलेल्या पावतीवरही हेच वाक्य हवं, कारण पावती ॲपपासून सुटी होऊन शेतकऱ्याच्या खिशात जाते आणि महिन्याने कंपनीच्या टेबलावर परत येते. आरसी आणि १.० वर पट्टी नाही. अल्फाचा सर्व्हर आणि डेटाबेसही वेगळा ठेवा. सरावातली एक खोटी गाडी जरी पैशांच्या यादीत शिरली तरी केंद्रावरचा विश्वास पुन्हा बसवायला हंगाम जातो.

यापुढचा भाग जरा तांत्रिक आहे, पण माझ्या अनुभवात सगळ्यांत जास्त घोळ इथेच होतो. आपल्याकडे ॲप व्हॉट्सॲपवर पसरतं. तुम्ही चार जणांना एपीके, म्हणजे ॲप बसवायची फाइल पाठवता, ते पुढे दहा जणांना पाठवतात, आणि ऑगस्टमधली अल्फा जानेवारीत कुणाच्या तरी फोनवर चालू असते. म्हणून हाताने वाटायच्या सगळ्या आवृत्त्यांना वेगळं पॅकेज नाव, म्हणजे फोन ॲपला ज्याने ओळखतो ते नाव, द्या. ग्रेडल या ॲप बांधायच्या साधनात ॲप्लिकेशन आयडीला, म्हणजे याच नावाला, शेपूट जोडायची सोय आहे. त्याने सरावाचं ॲप आणि खरं ॲप एकाच फोनवर शेजारी-शेजारी राहतात. आयकॉनचा रंगही बदला. हे केलं नाही तर काय होतं ते सांगते. तुमच्या लॅपटॉपवरच्या चावीने सही केलेली एपीके आणि प्ले स्टोअरवरून आलेलं ॲप यांच्या सह्या जुळत नाहीत, फोन अपडेट घेत नाही, ‘ॲप इन्स्टॉल झालं नाही’ एवढंच म्हणतो. मग कुणीतरी जुनं काढून टाकतं आणि रेंज नव्हती म्हणून फोनमध्येच अडकलेल्या दिवसभराच्या नोंदी त्याबरोबर जातात.

अल्फाला मुदत घाला. ॲपलच्या टेस्टफ्लाइट या चाचणीच्या सेवेवर प्रत्येक बिल्ड, म्हणजे बांधून तयार केलेलं ॲप, ९० दिवसांनी आपोआप बंद पडते. ती सोय आपल्याकडे नाही म्हणून ती स्वतः लिहायची. मुदत फोनमध्येच तपासा, सर्व्हरवर विसंबू नका, कारण आर्णीकडच्या आतल्या गावांत सर्व्हर लागेलच असं नाही. फक्त एवढं सांभाळा की मुदत संपल्यावर नवीन नोंद बंद व्हावी, पण आधीच्या न गेलेल्या नोंदी वर पाठवायचं बटण चालू राहावं.

अँड्रॉइडमध्ये दोन क्रमांक असतात: माणसाने वाचायचं आवृत्तीचं नाव आणि यंत्राने तोलायचा व्हर्जन कोड. कोड हा साधा पूर्णांक आहे. त्यात टप्पा, तारीख, महिना असं काही गुंफू नका. प्रत्येक बिल्डला एकने वाढवा. प्ले स्टोअर एकदा घेतलेला कोड पुन्हा घेत नाही. फोन मोठ्या कोडवरून लहान कोडवर जाऊ देत नाही. म्हणजे १.०.१ बिघडली आणि १.०.० वर परत जायचं असेल, तर १.०.० चाच प्रोग्रॅम नव्या, मोठ्या व्हर्जन कोडने बांधून १.०.२ म्हणून द्यावा लागतो. ही कृती हंगामाआधी एकदा खरोखर करून पाहा. रात्री नऊ वाजता जिनिंगच्या फाटकावर गाड्यांची रांग असताना पहिल्यांदा करायची ती गोष्ट नाही.

आता एक मुद्दा ज्यावर जाणकारांतही मतभेद आहेत. आवृत्तीच्या नावातच आरसी लिहिलं, तर १.० काढताना ते शब्द खोडण्यासाठी पुन्हा बिल्ड करावी लागते, आणि मग जी तपासली ती आणि जी दिली ती एकच वस्तू राहत नाही. काही जण म्हणतात, फरक नावापुरता आहे, चालतं. मला ते चालत नाही. बिल्डच्या यंत्रावर मधल्या काळात एखादी लायब्ररी बदललेली असू शकते. माझा सल्ला असा: अल्फा आणि बीटाच्या नावात टप्पा लिहा, आरसीच्या नावात लिहू नका. आरसीचं नाव सरळ १.०.०, सोबत कंसात व्हर्जन कोड, उदाहरणार्थ १.०.० (४१२). ती आरसी आहे ही नोंद गिटच्या (कोडमधले बदल नोंदवणाऱ्या साधनाच्या) टॅगवर आणि प्ले कन्सोलमधल्या, म्हणजे प्ले स्टोअरवर ॲप चढवायच्या पानावरच्या, रिलीजच्या नावात ठेवा. ते नाव फक्त तुम्हालाच दिसतं. तपासणी पार पडली की तीच फाइल पुढे सरकवा. याची किंमत अशी की १.०.० नावाच्या दोन-तीन बिल्ड अस्तित्वात येतात. म्हणून केंद्रावरून तक्रार आली की पहिला प्रश्न कंसातला आकडा विचारायचा, आणि तो आकडा पावतीच्या तळाशीही छापायचा.

यावरून ध्यानात येईल की बिल्डचा टप्पा आणि ती पोचवायची वाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्ले स्टोअरवर इंटर्नल (आपली टीम), क्लोज्ड (निवडक माणसं), ओपन (चाचणीला येईल तो कुणीही) आणि प्रॉडक्शन (सर्वांसाठी) अशा चार वाटा आहेत. क्रोम ब्राउझरच्या कॅनरी, डेव्ह, बीटा, स्टेबल याही वाटाच. डेबियन या लिनक्सवरच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्येही तसंच: पॅकेज आधी अनस्टेबलमध्ये येतं, ठरावीक दिवस तिथे निभावलं आणि मोठा दोष निघाला नाही की टेस्टिंगमध्ये सरकतं, आणि पुढे टेस्टिंग गोठवून त्यातून स्टेबल निघते. अल्फा प्लेवरून द्यायची तर इंटर्नल पुरे आहे, शंभर माणसांची मर्यादा तुम्हाला आड येणार नाही. बीटा आणि आरसी क्लोज्डवर. ओपनची गरजच नाही. एक काम मात्र लगेच करा: प्लेचं खातं कुणा एकाच्या नावावर उघडू नका. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना प्रॉडक्शनवर जाण्याआधी किमान १२ जणांची सलग १४ दिवस क्लोज्ड चाचणी दाखवावी लागते. संस्थेच्या खात्याला ती अट नाही. उत्पादक कंपनी नोंदणीकृत आहे, तिच्या नावाने उघडा. त्यासाठी डन्स क्रमांक, म्हणजे संस्थेची ओळख पटवणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक लागतो, तो मिळायला वेळ जातो, म्हणून आत्ताच अर्ज करा. तुमच्यापैकी कुणी उद्या नोकरीला नागपूरला गेला तरी ॲप कंपनीकडेच राहील, हाही फायदा.

वेळापत्रकाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते, कारण टप्प्यांची नावं कॅलेंडरवर बसली नाहीत तर उपयोग नाही. कापसाची आवक दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होते. पावसाळ्यात बीटा काढली तर मोजायला कापूसच नसतो. तुम्ही आपसांत खोट्या गाड्या मोजत बसाल आणि सगळं हिरवं दिसेल. खरा ताण खऱ्या रांगेतच कळतो. म्हणून जे पीक हाताशी आहे त्यावर टप्पा चालवा. तुमची कंपनी तूर-हरभराही घेते असं तुम्ही लिहिलंय. आत्ता हरभऱ्याची खरेदी सुरू आहे, त्यावर अल्फा चालवा. सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरात सोयाबीन येईल, त्यावर बीटा. वजन, पावती, खाते क्रमांक, पैशांची यादी, हे सगळं सोयाबीनवर तपासून होतं. कापसाचं वेगळं काय राहतं? एकच शेतकरी तीन-चार वेच्यांत परत परत येतो, आणि ओलाव्याची अट. सीसीआयची, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाची, हमीभाव खरेदी ८ ते १२ टक्के ओलाव्याच्या हिशोबाने चालते आणि तुमची कंपनीही तोच हिशोब धरते. एवढ्या दोन गोष्टींसाठी पहिल्या वेच्याच्या आठवड्यात, जेव्हा आवक थोडी असते, एका केंद्रावर आरसी चालवा. दिवाळीनंतर गर्दी वाढायच्या आत निर्णय घ्या. आरसी पार पडली नाही तर यंदा वहीवर खरेदी करा आणि ॲप बीटातच ठेवा. संचालक नाराज होतील. तरी तसंच करा.

०.९ नंतरचं. ०.९.३ नंतर ०.१०.० येऊ शकतं; ही दशांश संख्या नाही, टिंबानंतरचा प्रत्येक आकडा वेगळा मोजला जातो. शून्याने सुरू होणारी आवृत्ती म्हणजे काहीही कधीही बदलेल, असं सेमँटिक व्हर्जनिंग सांगतं, आणि तेच दस्तऐवज हेही सांगतं की सॉफ्टवेअर प्रत्यक्ष कामात वापरात आलं असेल तर ते बहुधा १.० असायलाच हवं होतं. तुमच्या बाबतीत खूण सोपी आहे: ॲपच्या आकड्यावरून पहिल्या शेतकऱ्याच्या खात्यात पैसे गेले की क्रमांक १.० हवा, मग ती अजून आरसी असली आणि वही बंद झाली नसली तरी. त्या दिवशी तुम्ही तिला ०.९.८ म्हणत असलात तरी जबाबदारी १.० चीच आहे. आज हातात असलेल्या ०.९.३ ला पुढची बिल्ड १.०.०-अल्फा.१ म्हणून काढा. क्रमात ती ०.९.३ च्या पुढेच बसते, काही मोडत नाही.

हंगाम चालू असताना दोष निघाला तर १.०.१ काढावी लागेल. तिलाही आरसी हवीच, लहान का होईना. प्ले स्टोअर अपडेट आधी ठरावीक टक्के लोकांनाच द्यायची सोय देतं, पण चाळीस फोनांत दहा टक्के म्हणजे कुठलेही चार फोन, एकेका केंद्रावर एकेक, आणि एकाच काट्यावर दोन आवृत्त्या. त्यापेक्षा क्लोज्ड वाटेवर एकाच केंद्राचे ईमेल ठेवा. त्या केंद्रावर एक पूर्ण दिवस, सकाळच्या पहिल्या गाडीपासून संध्याकाळच्या हिशोबापर्यंत, नवी बिल्ड चालवा, वही त्या एका दिवसापुरती पुन्हा उघडा, आणि बेरीज जुळली की तीच फाइल बाकी केंद्रांना सरकवा. नवीन सुविधांच्या मागण्या या काळात खूप येतील. त्या १.१.०-अल्फा.१ च्या यादीत लिहून ठेवा आणि पुढच्या हरभऱ्याच्या खरेदीला काढा.